पाकाळणीपर्यंत मोकळी वाट

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढं नाही, भावापुढं नाही, देवापुढं तर नाहीच. ज्याच्या नावावर केलं त्यालाच कुठल्या तोंडानं सांगणार? माझ्या वडिलांना, आण्णांना, सांगावं लागलं नाही. त्यांना ते ठाऊकच होतं. आण्णा गेले आणि गावात ही गोष्ट ठाऊक असलेला मी एकटाच उरलो. तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय. गावातल्या माणसापुढं बोलायची छाती मला आजही नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढं ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

सुरुवात कुठून करू? रस्त्यापासूनच करतो. रस्त्याबद्दल बोलणं सोपं आहे.

कराडहून सांगलीकडं येताना मधे आमचं गाव लागतं. मुख्य रस्ता एकच. नव्वद सालाच्या आसपास तो रुंद केला. टपऱ्या उठवल्या, दोन्ही कडांची चिंचेची झाडं गेली आणि चार गाड्या शेजारी-शेजारी जातील असा डांबरी रस्ता झाला. काय मिरवलो आम्ही! पाहुणा आला की चहाआधी रस्ता दाखवायचो. माझं दुकान ऐन मोक्यावर, देवळाकडं वळायच्या चौकाला लागून. सिमेंट, पत्रे, पाइप. मालाचा ट्रक थेट दारात लागायचा, हमाल पोती आत टाकायचे आणि मी गल्ल्यावर बसून हुकूम सोडायचो. रस्ता जणू माझ्याच दुकानासाठी केला होता.

पण रस्ता रुंद झाला तशा गाड्या सुसाट सुटल्या. उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांना मागं टाकायला धडपडणाऱ्या वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपा, एसट्या, मालट्रक. म्हातारी माणसं कडेला उभी राहून राहून कंटाळायची, शेवटी पदर खोचून निघायची आणि अंदाज चुकायचा. कुणाचा पाय गेला, कुणाचं डोकं फुटलं. केळीचा गाडा लावणारे एक मामा तर जागच्या जागी गेले. आम्ही हळहळलो, अर्धा दिवस दुकानं बंद ठेवली, दुपारी उघडली.

दवाखान्यात शालन सिस्टर होत्या. पाटणकडून बदली होऊन आलेल्या. नवरा वारलेला, एकच मुलगी — सुजाता. बौद्ध घरातल्या. हे मी मुद्दाम का सांगतोय? कारण सगळं त्यातच आहे. रस्त्यावर पडलेलं प्रत्येक माणूस आधी सिस्टरच्या हातात जायचं, त्यामुळं त्यांना या रस्त्याची चीड होती. त्यांचं म्हणणं एवढंच: रस्ता रुंद आहे म्हणून गाड्या पळतात, तर तो अरुंद करा. एक जाणारी गाडी, एक येणारी गाडी, बास. उरलेल्या कडा चालणाऱ्यांना आणि सायकलींना सोडा.

लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. रुंद करायला एवढी वर्षं घालवली आणि ही बाई म्हणते अरुंद करा! पण बाई चिवट. हेडमास्तरांना घेऊन बांधकाम खात्याच्या साहेबांकडं खेपा घातल्या. साहेब शेवटी म्हणाले, पावसाळ्यापर्यंत करून बघू. जमलं तर दगडी कठडा बांधू, नाही तर सोडून देऊ. मग डांबराची रिकामी पिंपं आली. शाळेतल्या मुलामुलींनी त्यांत वाळू भरली, चुना मारला, आणि शाळेपासून चौकापर्यंत दोन्ही बाजूंना पांढऱ्या पिंपांच्या रांगा लागल्या.

आणि खरं सांगू? गाड्या हळू झाल्या. ट्रॅक्टरमागं जीप, जीपमागं एसटी, सगळे मुकाट रांगेनं जायला लागले. पोरी कडेनं सायकली हाणत, गप्पा मारत शाळेत जायच्या. म्हातारी माणसं देवळात यायची वाढली. हे मला दिसत नव्हतं का? दुकानाच्या गल्ल्यावरून तर सगळ्यांत नीट दिसत होतं.

पण माझ्या दारात ट्रक लागेना. मागच्या बोळात लावायचा, हमालांनी पोती पाठीवर घेऊन फिरून यायचं, त्यांची कुरकुर ऐकायची. गिऱ्हाईक मोटारसायकल कुठं लावू म्हणायचं आणि पुढच्या दुकानात जायचं. मी रोज सकाळी दुकान उघडताना त्या पिंपांकडं बघून शिव्या घालायचो. निदान एवढंच कारण असतं तरी बरं झालं असतं. धंद्यापायी माणूस घसरतो, त्याला लोक समजून घेतात. पण एवढंच नव्हतं. माझ्या मनात होतं ते असं — ही बाई, ती पण त्यांच्यातली, आमच्या गावचा रस्ता किती रुंद असावा हे ठरवणार?

हे मी कधी बोललो नाही. तोंडानं मी फार सभ्य माणूस. सिस्टर, सिस्टर करायचो. आण्णांना दम्याचा त्रास होता. सिस्टर ड्यूटी संपली की आमच्या घरी येऊन इंजेक्शन द्यायच्या. बायको त्यांना चहा द्यायची, पण वेगळ्या कपात. तो कप मोरीजवळच्या कोनाड्यात असायचा. सिस्टर चहा प्यायच्या, कप स्वतःच विसळायच्या आणि न सांगता त्याच कोनाड्यात नेऊन ठेवायच्या. त्यांना कळत नव्हतं असं तुम्हाला वाटतं? मला तेव्हा काही वाटलं नाही. आता त्या कोनाड्याकडं बघवत नाही.

आमच्या घराण्याकडं एक मान आहे. चैत्रात गावच्या नाथाची यात्रा भरते, छबिन्याला, म्हणजे रात्रीच्या मिरवणुकीला, पालखी निघते, तेव्हा पालखीपुढं पेटती दिवटी धरून चालायचं ते आम्ही. आजोबांनी धरली, आण्णांनी धरली, आण्णांचा दमा वाढल्यावर मी धरायला लागलो. मानकरी म्हटलं की यात्रेच्या बाबतीत शब्द आमचा. काय शिवायचं, काय नाही, पालखी कुठं थांबायची — लोक आमच्याकडं बघतात. छबिन्यानंतर आठवड्याभरानं देऊळ धुऊन काढतात, ती पाकाळणी. पाकाळणी झाली की यात्रा संपली. एवढं तुम्हाला माहीत असलं की पुरे.

त्या चैत्रात यात्रेची बैठक देवळाच्या मंडपात भरली. पालखीला, ढोल-लेझीमला अख्खा रस्ता लागतो; तेव्हा पिंपं हलवायची हे उघडच होतं. सिस्टरही आल्या होत्या. मंडपात नाही, खाली पायरीपाशी उभ्या. वर या असं कुणी म्हटलं नाही आणि त्यांनीही पाय उचलला नाही. त्या म्हणाल्या, पिंपं जरूर हलवा, फक्त छबिना झाला की सकाळी परत जागेवर लावा. पोरांच्या परीक्षा चालू आहेत, कारखान्याचा शेवटचा ऊस चाललाय, गाड्या बेफाम आहेत. सगळ्यांना पटलं. कुणीतरी म्हणालंसुद्धा, व्हय की, सकाळी लावू, त्यात काय एवढं.

आणि मी बोललो.

कसं सुचलं? आधी ठरवून गेलो होतो का? नाही. हेच तर — ठरवलंही नव्हतं. ते माझ्या जिभेवर तयारच होतं, आपोआप आलं. मी म्हणालो, "तसं जमायचं न्हाई. पालखीनं मोकळी केल्याली वाट पाकाळणीपतोर अडवायची नसती. आमच्या घराण्यात तसा रिवाज हाय."

असा काही रिवाज नव्हता. कधीच नव्हता. आमच्या रस्त्यावर यात्रेनंतर दुसऱ्याच दिवशी बैलगाड्या आडव्या सुटलेल्या मी लहानपणापासून बघितल्या होत्या. पण मंडपातल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आणि कोपऱ्यातले एक म्हातारबाबा मान डोलवत म्हणाले, "व्हय व्हय, म्या बी ऐकलंय ते." काय ऐकलं होतं त्यांनी? मी तर ते त्या क्षणी जन्माला घातलं होतं! पण खोट्याला साक्षीदार मिळाला, आणि पाठोपाठ सगळ्या माना हलल्या.

मी सिस्टरकडं बघितलं. हे मी तुम्हाला सांगायला हवं — मी मुद्दाम बघितलं. मला ठाऊक होतं, दुसऱ्या कुणी वाद घातला असता. हेडमास्तर बोलले असते, एखादा तरुण बोलला असता, अहो देवाला काय पिंपाचं वावडं, असं म्हणाला असता. पण सिस्टर बोलू शकत नव्हत्या. त्यांनी एक शब्द काढला असता तर पन्नास जण उठले असते, की तुमचा देव नाही आणि तुम्ही आम्हाला शिकवता? हे मला बोलण्याआधी ठाऊक होतं. म्हणून तर ते बोललो. सिस्टर हात जोडून म्हणाल्या, "देवाचं आसंल तर मी कशाला मधी येऊ?" आणि निघून गेल्या. मला काय वाटलं सांगू? मजा वाटली. जिंकलो असं वाटलं.

घरी आलो तर आण्णा ओसरीवर बसलेले. बातमी माझ्याआधी पोचली होती. ते धापा टाकत म्हणाले, "आपल्यात आसं कवा व्हतं रं?"

मी म्हणालो, "तुमी गप बसा."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. पुढं मरेपर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही. त्यांनी काढला असता, चार माणसांत मला खोटं पाडलं असतं, तर? पण मानकऱ्याच्या घरातला माणूस खोटं बोलला हे कोण कुणाला सांगणार? मी बापालाही माझ्या पापात ओढलं.

छबिना थाटात झाला. सकाळी रस्ता लख्ख मोकळा. पिंपं देवळामागं नेऊन ठेवलेली. जीपवाले खूश. मी पहिलं काम काय केलं? सिमेंटचा ट्रक मागवला. आठवड्यात जमेल तेवढा माल दारातून उतरवून घ्यायचा, पाकाळणीपर्यंतची संधी. रिवाज माझा, फायदाही माझाच.

आता पुढचं सांगायचं म्हणजे — थांबा जरा.

ट्रक माझ्या दारात उभा होता, रस्त्याच्या कडेला. तीच कडा, जिथं पिंपांच्या आत सायकली चालायच्या. हमाल पोती उतरवत होते. शाळेकडून पोरी पेपर देऊन घरी निघालेल्या. सुजाता सायकलवर पुढं होती. ट्रकला वळसा घालायला ती मधे आली. दुसरी जागाच कुठं होती? आणि मागनं उसाच्या ट्रॅक्टरला मागं टाकत वडापची जीप आली.

आवाज मी ऐकला. गल्ल्यावरून उठलो. आणि आधी काय केलं? तुम्हाला वाटेल पोरीकडं धावलो. नाही. मी आधी ट्रकच्या ड्रायव्हरला हात केला — घे, मागच्या बोळात घे, लवकर. ट्रक हलला, मग मी धावलो. किती वेळ गेला असेल त्यात? फार नाही. पण तो वेळ मी त्या हाताच्या इशाऱ्याला दिला. पुढं पोलीस आले तेव्हा रस्त्यात सायकल होती, जीप होती, ट्रक नव्हता. हमालांना कुणी विचारलं नाही, आणि न विचारता मालकाविरुद्ध कोण बोलतो?

पोरीला दुसऱ्या जीपमध्ये घालून आम्ही दवाखान्यात नेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती काहीतरी पुटपुटत होती, मला वाटतं पेपराबद्दल. दवाखान्याच्या दारात सिस्टरच होत्या. रस्त्यावरचं माणूस आलं म्हणून रोजच्यासारख्या पुढं आल्या, हातात कापूस. मग बघितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी हाताखालच्या बाईला काय काय आणायचं ते सांगितलं, पट्टी बांधली, सलाइन लावलं, सगळं केलं. डॉक्टर म्हणाले मिरजेला हलवा. सांगली मागं पडली, आणि मिरज यायच्या आत सुजाता गेली. मी गाडीत होतो. मला सगळे म्हणाले, बापू देवमाणूस, शेवटपर्यंत बरोबर राहिला.

देवमाणूस! हा शब्द कानात घेऊन मी अजून जगतोय.

तिसऱ्या दिवशी गावातली माणसं सिस्टरच्या घरी भेटायला गेली, मीही गेलो. न जाऊन कसं चाललं असतं? दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मेणबत्ती, आणि बाजूला सुजाताचा शाळेतला फोटो, दोन वेण्या घातलेला. मी खाली मान घालून बसलो. मला वाटत होतं, आता बोलतील. सगळ्यांसमोर विचारतील — बापू, हा रिवाज कुठला? मी तयार होतो म्हणता येणार नाही, पण वाट बघत होतो. मनात कुठंतरी वाटत होतं, त्यांनी विचारलं तर निदान मी खोटा पडेन, कुणीतरी मला धरेल, आणि हे संपेल.

सिस्टर उठल्या, माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांचे डोळे सुकलेले होते. म्हणाल्या, "बापू, तुमी मनाला लावून घिऊ नका. देवाचा रिवाज हुता. तुमच्या हातात काय हुतं?"

त्या मला समजावत होत्या. मला! ज्या बाईची एकुलती एक पोर माझ्या जिभेनं नेली, ती बाई मला धीर देत होती. मी काय केलं? मी मान हलवली. हो म्हणालो. त्यांच्या पोरीच्या फोटोसमोर बसून मी दुसऱ्यांदा तेच खोटं बोललो, तेही तोंड न उघडता. मग त्यांनी आम्हाला चहा दिला. सगळ्यांना सारखे कप. मी तो चहा प्यालो.

पाकाळणी झाली, पिंपं परत लागली. पावसाळ्यानंतर गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडी कठडा बांधायचं नक्की झालं. आता कुणी विरोध करणार नव्हतं, मीही नाही. आखणी करायला साहेब आले तेव्हा सिस्टर स्वतः तिथं होत्या. आणि त्यांनी साहेबांना सांगितलं, शाळेपासून चौकापर्यंत पक्कं बांधू नका, तेवढी पिंपंच राहू द्या, यात्रेत हलवावी लागतात, गावाचा रिवाज आहे. मी दुकानाच्या दारात उभा होतो, ऐकत होतो. चार पावलं पुढं जाऊन मला म्हणता आलं असतं, बांधा साहेब, असा काही रिवाज नाही. पाय उचलला नाही. त्या दिवशी तर मला भीती दाखवणारंही कुणी नव्हतं. भीती माझी मलाच होती, की लोक विचारतील, मग तेव्हा का म्हणालास?

म्हणून आजही गावाच्या दोन्ही टोकांना दगडी कठडा आहे, आणि मधे, शाळेपुढं, पिंपं. दर चैत्रात छबिन्याला ती निघतात आणि पाकाळणीपर्यंत देवळामागं पडून राहतात. आता तर नवी पोरं मला माझाच रिवाज समजावून सांगतात. एकानं त्याला गोष्टसुद्धा जोडलीय, की म्हणे पूर्वी कुणी वाट अडवली आणि पालखी जागची हललीच नाही. लोक कान देऊन ऐकतात. म्हातारबाबा वारले, आण्णा वारले. आता तो रिवाज खोटा आहे हे म्हणणारा कुणीही उरला नाही, मी सोडून.

आणि त्या आठवड्यात सिस्टर रजा काढतात. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहतात. पांढरी साडी, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, एक हात आडवा. जीपवाले हॉर्न वाजवतात, काही शिव्या देतात. त्या हलत नाहीत. पोरी कडेनं पुढं गेल्या की हात खाली घेतात. मी गल्ल्यावर बसलेला असतो. ट्रक मी तेव्हापासून दारात लावलेला नाही. त्यानं काय होतं? सिस्टर माझ्याकडं बघून मान हलवतात, बापू बरं हाय का, असं विचारल्यासारखी. मीही हलवतो.

परवा यात्रा कमिटीची माणसं घरी आली होती. दिवटीचं विचारलं, पालखीच्या थांब्यांचं विचारलं. मग जाता जाता एकानं विचारलं, "बापू, पिंपं पाकाळणीपतोर न्हवं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. बायको आत चहा करत होती, आण्णांची ओसरीवरची जागा रिकामी होती.

"रिवाजापरमाणं," मी म्हणालो.

उद्या छबिना आहे. परवा सकाळी सिस्टर रस्त्यात उभ्या राहतील.